देव्हाऱ्यातलं खेचर

आमच्या घराण्यात लढाईत मेलेला माणूस एकच, आणि त्याच्याही हातात तलवार नव्हती. या एका गोष्टीची आमच्या भावकीला इतकी लाज वाटली, की तिनं त्याला मेल्यावर तलवार दिली, घोडा दिला, पिळदार मिशाही दिल्या. जिवंत होता तोवर त्याला कुणी नवी वहाण दिल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

मी हे सांगतोय म्हणजे मी कुणी शूर आहे असं समजू नका. मी म्युनिसिपालटीच्या जकात नाक्यावर कारकून. बार्शीकडून गाड्या येतात, त्यातल्या पोत्यात लोखंडी सळई खुपसायची आणि गव्हाच्या खाली गूळ लपवलाय का ते बघायचं, एवढीच माझी तलवारबाजी. घरच्या लग्नाकार्यात मला एका कोपऱ्यात बसवून गोष्टी सांगायला लावतात. वाढायला उभं केलं तर मी आमटी माणसांवर सांडतो, म्हणून ही सोय.

तर लढाईत मेला तो माझा चुलतभाऊ, माझ्याहून थोरला. आम्ही त्याला दादा म्हणायचो. आमचं मूळ सांगोल्याकडचं, मेंढरांमागचं. एका दुष्काळात कळप संपला तेव्हा माझे थोरले चुलते, म्हणजे दादाचे वडील, सगळं कुटुंब घेऊन सोलापुरात आले आणि पेठेत घोंगड्या विकायला बसले. त्यांना सगळे आबा म्हणत. दादाला त्यांनी गिरणीत चिकटवला. पण यंत्राजवळ त्याचं मन लागेना. जेवणाच्या सुट्टीत तो टांग्यांच्या अड्ड्यावर जाऊन लोकांच्या घोड्यांना खाजवत बसायचा, आणि भोंगा झाला तरी बसायचा. जनावराच्या कानामागं कुठं खाजवलं म्हणजे ते डोळे मिटतं, एवढंच त्याचं शिक्षण. गिरणीत या शिक्षणाचा काही उपयोग नव्हता, म्हणून मुकादमानं त्याला घरी धाडला.

त्याच सुमारास आमच्या पेठेतले एक सरकीचे व्यापारी देशभक्तीला लागले. म्हणजे कुठल्या देशाच्या ते विचारू नका. साहेबाची लढाई चालली होती, साहेबाला माणसं पाहिजे होती, आणि जो जास्त माणसं देईल त्याला सरकार किताब देणार होतं. तेव्हा ते नुसते शेठ होते, रावसाहेब व्हायचे होते. मंगळवारच्या बाजारात त्यांनी हलगी लावली, पेढ्यांची टोपली ठेवली आणि एका पिंपावर उभं राहून क्षत्रियांच्या रक्ताविषयी बोलू लागले. त्यांच्या घरात दोन मुलगे होते. एकाची छाती नाजूक होती, दुसऱ्याची नजर. नजर नाजूक असलेला रोज संध्याकाळी पत्त्यांत जिंकायचा.

दादानं भाषण ऐकलं नाही. पेढा खाऊन झाल्यावर त्यानं एवढंच विचारलं, "तितं जनावरं असत्यात का?"

"असतात की. ढिगानं," शेठ म्हणाले.

दादानं अंगठा दिला. घरी येऊन सांगितलं तेव्हा वहिनी चुलीपुढं होती, दिवस गेलेले होते तिला. ती मागं न बघता म्हणाली, "जनावरंच बघायची हुती तर मी काय कमी राबते का?" दादा हसला, आणि गेला.

पलटणीनं त्याला खेचरांवर घेतला. बसऱ्याहून त्याची पत्रं यायची, कुणाकडून तरी लिहवून घेतलेली. वाचून दाखवायचं काम माझ्याकडं. त्यात बायकोची चौकशी एका ओळीत, आबांना नमस्कार एका ओळीत, आणि बाकी सगळं पान त्याच्या खेचराबद्दल. ती करड्या रंगाची आहे, दुसऱ्या कुणाला जवळ येऊ देत नाही, माझ्या हातचंच खाते. वहिनी दाराआडून ऐकायची. शेवटी म्हणायची, "भावजी, लिवा की त्यास्नी. सवतीला म्हणावं, जपून ऱ्हा." मी लिहायचो. उत्तर यायचं, सवत बरी आहे.

मुलगी झाल्याचं पत्र त्याला मिळालं की नाही, ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्याआधी की नंतर कोण जाणे, तो मेल्याचा कागद आला.

दादा मेला आणि शेठ रावसाहेब झाले, एकाच हिवाळ्यात. दुखवट्याच्या सभेत त्यांनी भाषण केलं. दादा पांढऱ्या घोड्यावर बसून, तलवार उपसून तुर्कांच्या गर्दीत कसा घुसला, किती जणांना लोळवून मग पडला, हे त्यांनी असं सांगितलं, की जणू ते मागच्याच घोड्यावर होते. रावसाहेबांना टांग्यात बसलं तरी घेरी यायची. पण आबा ऐकत होते, आणि ऐकता ऐकता ताठ होत होते. मुलगा गेलेल्या म्हाताऱ्याला कुणी घोडा दिला तर तो परत करवत नाही, हे मला समजतं. भावकीचं मात्र समजत नाही. दादाला आयुष्यभर 'खुळं' म्हणणारे आमचे सगळे भाऊबंद दुसऱ्या दिवसापासून मिशीला पीळ देत पेठेतून फिरू लागले.

लढाई संपल्यावर मोडनिंबचा एक माणूस आमचं घर शोधत आला. दादाच्याच तुकडीतला, एका पायानं लंगडा झालेला. ओट्यावर बसला, पाणी प्याला आणि सरळ सांगत सुटला. त्याला सभेचं काय माहीत?

"नदी मागं, आन् आमची मानसं पुढं. पानी खेचरावर पखाली घालून न्यावं लागायचं. लई उन्ह. त्या दिशी कुनी जाईना, ह्यो म्हनला मी जातो, माझी चांगली हाय. निम्म्या वाटंवर गोळा पडला. सांजच्याला आमी हुडकत गेलो, तर मातीत काय बी दिसंना. खेचर तेवढं उभं. पखाल फुटून पानी गेलेलं, पन ते जाग्यावरनं हाललं न्हवतं. त्येच्यामुळं गावला."

आबा घोंगडीची दशी ओढत राहिले. मग हळूच विचारलं, "तलवार हुती का हातात?"

"कासरा हुता," तो म्हणाला. "घट्ट धरल्याला. सोडवाया लागला."

आबांनी त्याला जेवू घातलं, नवं घोंगडं दिलं आणि पेठेत कुणाजवळ थांबू नको म्हणून सांगितलं. पण वहिनी दाराआड होती. तिनं सगळं ऐकलं. रात्रंदिवस दाराआड उभ्या असलेल्या बायकांना घरातलं जेवढं कळतं, तेवढं ओट्यावर बसलेल्या पुरुषांना कधी कळत नाही. आणि मी ओट्यावरच बसणाऱ्यांपैकी.

पुढं विलायतेहून पार्सल आलं. आत बशीएवढी काशाची जाड तबकडी. तिच्यावर एक बाई उभी, डोक्याला टोप, हातात त्रिशूळ, पायाशी सिंह. खाली आणखी एक बारका सिंह कुणाला तरी फाडतोय. कडेला इंग्रजीत दादाचं नाव आहे, एवढं मी वाचू शकलो. जकातीच्या इंग्रजीत पोतं, गाडी आणि माणसाचं नाव, इतकंच येतं.

पण वाचायची गरज कुणाला होती? त्रिशूळ आणि सिंह म्हटल्यावर आमच्या घरात आणखी काय विचारणार? आबांनी तबकडी कपाळाला लावली. राजानं चौकशी केली असणार, या शिपायाची कुलदेवी कोण. कुणीतरी सांगितलं असणार, तुळजापूरची. मग त्यानं तिलाच घडवून पाठवली. राजा म्हणजे राजा. तबकडी देव्हाऱ्यात गेली. तिला हळदीकुंकू लागू लागलं, नवरात्रात माळ चढू लागली. शेजारच्या विणकऱ्यांच्या तेलुगू बायका येऊन तिची ओटी भरून जायच्या. एका वर्षी आबांनी तिच्या नावानं बोकड कापला. एका जाणत्या पुजाऱ्यानं सिंह जरा रोडावलाय असा शेरा मारला, पण तोही विलायतेत तसलंच हवामान असेल म्हणून गप्प बसला. मी रोज आंघोळ करून तिला नमस्कार करूनच नाक्यावर जायचो. माझी बढती झाली नाही, ती का, ते आता कळतं.

अशी वर्षं गेली. वहिनी गिरणीत रिळाच्या खात्यात लागली आणि मुलीला वाढवलं. पोरगी लग्नाला आली. आणि इथं आमच्या घरची रीत सांगायला हवी. घरातलं माणूस अवेळी गेलं, तर त्याचा टाक करून देव्हाऱ्यात बसवायचा. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेली बोटभर आकृती. पण नवा टाक केव्हाही बसत नाही. घरात लग्न निघालं, की सगळे देव उजळायला सोनाराकडं जातात, आणि ते परत येतात तेव्हा त्यांच्यासोबत नवा बसतो. मग नवरीनं हळद लागण्याआधी त्याच्या पाया पडायचं. दादा गेल्यापासून घरात लग्न झालं नव्हतं. म्हणजे तो इतकी वर्षं नुसताच बाहेर, दाराबाहेर ताटकळत असल्यासारखा. पोरीच्या लग्नाआधी तो आत आला पाहिजे, आणि पोरीनं त्याच्या पाया पडून मांडवात गेलं पाहिजे, एवढं एकच वहिनीच्या मनात होतं. तिनं जन्मात दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही.

तेवढ्यात रावसाहेब आले. शहरात त्या काळात साहेबाविरुद्ध मोठी गडबड होऊन गेली होती. गडबडीच्या दिवसांत रावसाहेबांच्या डोक्यावर पांढरी टोपी होती. लष्कर आलं आणि टोपीवाल्यांना फटके बसू लागले, तेव्हा ती पेटीत गेली आणि जरीचा फेटा बाहेर आला. टोपीला वाळवी लागू नये म्हणून तिच्यात डांबराची गोळीही ठेवली असेल. माणूस जपून वागणारा. आता मोठा साहेब शहरात येणार होता, आणि त्याला राजनिष्ठ माणसं दाखवायची होती. मेलेला माणूस राजनिष्ठेला सगळ्यात सोपा. तो टोपी बदलत नाही.

घोंगडीवर बसून त्यांनी बेत सांगितला. दादाचा टाक आपल्या सोनाराकडून, आपल्या चांदीत करून द्यायचा. घोडेस्वाराचा ठसा त्याच्याकडं तयारच आहे, तलवार उपसलेला. मैदानावर सभा, साहेबाच्या हातून टाक आबांना. रावसाहेब लढाईची हकिगत सांगणार.

आबांचे डोळे भरून आले. "लई उपकार, रावसाहेब."

दाराआडून बांगड्या वाजल्या. वहिनी आबांसमोर बोलायची नाही. तिला जे काही म्हणायचं असेल ते ती मला सांगायची, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. मी म्हणजे घरातला निरोप्या.

"भावजी, इचारा की. सोनाराकडं खेचराचा ठसा हाय का?"

मी विचारायला तोंड उघडलं. पण रावसाहेबांना ऐकू गेलं होतं. "खेचर? देव्हाऱ्यात खेचर? बाई, तुमचा नवरा वीर होता."

"भावजी, सांगा. वीर हुता का न्हाय त्ये मला ठावं न्हाय. पानी घिऊन गेला हुता."

"सूनबाईला आत पाठवा, आबा," रावसाहेब म्हणाले. "लोक हसतील."

"ती आतच हाय," मी म्हटलं. मला काही सुचेनासं झालं की मी खरं बोलतो.

आबा ओशाळले. "बाईमानूस हाय, रावसाहेब. घोडाच करा तुमी."

विषय बदलावा म्हणून आबांनी त्यांना देव्हाऱ्यापाशी नेलं, राजाची देवी दाखवायला. रावसाहेबांनी कुंकवानं माखलेली तबकडी बघितली आणि पोट धरून हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. आबा पण आधी त्यांच्याबरोबर थोडं हसले, काय झालंय ते न कळता.

"आबा, ही अंबाबाई नाही. ही विलायतेची बाई. त्यांचं राज्य म्हणजे ही, असं चित्र काढतात ते लोक. मेलेल्या प्रत्येक शिपायाच्या घरी हीच पाठवली. साच्यातनं." मग फेटा सावरून म्हणाले, "बरं झालं पण, सांभाळून ठेवलीत. हे कुंकू काढा, चिंचेनं घासून लख्ख करा. सभेत गादीवर ठेवू. माणूस पाठवत नाही, मी स्वतःच येईन न्यायला."

ते गेले. तिच्यापुढं कापलेल्या बोकडाचा विचार प्रत्येकजण करत असावा. मी तरी करत होतो. आबा देव्हाऱ्याकडं पाठ करून बसले. वहिनी बाहेर आली, तबकडी उचलली आणि पदरानं कुंकू पुसू लागली.

"भावजी, ह्या बाईच्या हातात काय हाय? गोल, पाल्याचं?"

"हार असावा," मी म्हटलं. "मेलेल्याला घालायला."

"हार घिऊन उबी ऱ्हायली. पान्याला कोन जाईना तवा कुटं हुती?" तिनं पुसणं थांबवलं. "चिंचेनं नगं. दुसरं करू."

दुसऱ्या दिवशी तिनं गिरणीला दांडी मारली आणि मला बरोबर घेतलं. तबकडी फडक्यात बांधून माझ्याकडं दिली, बायकांनी ओताऱ्याच्या भट्टीवर एकटं जाऊ नये म्हणून. ओतारी म्हणजे पितळेच्या, काशाच्या मूर्ती ओतणारा. त्यानं फडकं सोडलं, तबकडी उलटीपालटी केली आणि परत बांधली.

"ही सरकारची हाय. वितळवली तर मला धरत्याल."

"माजा मानूस बी त्येंनीच नेला हुता," वहिनी म्हणाली. "त्यो वितळला तवा कुनाला धरलं?"

ओताऱ्यानं माझ्याकडं बघितलं. मी सरकारी नसलो तरी म्युनिसिपालटीचा होतो, अंगात कोट होता. मी भट्टीकडं बघितलं.

"काय करायचं म्हनता?" शेवटी त्यानं विचारलं.

वहिनीनं जमिनीवर बसून मेणाचा गोळा मागितला. खेचराचे कान गाढवाएवढे लांब नसतात आणि घोड्याएवढे बारकेही नसतात, हे तिनं त्याला समजावलं. तिनं जन्मात खेचर बघितलेलं नव्हतं. सगळं पत्रांतलं होतं, मी वाचलेलं. दोन्ही अंगाला पखाली. पुढं माणूस. अंगात सदरा, डोक्याला मुंडासं. मिशा बारक्या. "बारक्या म्हंजे बारक्या," ती म्हणाली. "त्येला येतच न्हवत्या." हातात कासरा, आणि तो घट्ट धरलेला दिसला पाहिजे.

देव उजळून आले तो दिवस आणि रावसाहेबांच्या सभेचा आदला दिवस एकच पडला. संध्याकाळी पोरगी न्हाऊन नवं लुगडं नेसून तयार होती. सोनारानं घासलेले टाक ताटात मांडले होते, आणि आबा पाटावर बसून एकेक देव्हाऱ्यात ठेवत होते. आबांना वाटत होतं, नवा टाक उद्या सभेतून येईल. वहिनीनं फडक्यातली मूर्ती काढून ताटात ठेवली. त्याच वेळी दारात टांगा थांबला आणि रावसाहेब तबकडी न्यायला आत आले.

"झाली का लख्ख?"

त्यांची नजर ताटावर गेली. आधी कळलं नाही, मग रंगावरून कळलं, आणि त्यांचा चेहरा फेट्याच्या जरीसारखा पिवळा झाला.

"ती तबकडी कुठाय?"

"हीच की," मी म्हटलं.

"सरकारी स्मृतिचिन्ह वितळवलंत? उद्या साहेब विचारेल तर काय दाखवू? हे गाढव?"

"खेचर हाय," वहिनी म्हणाली. माझ्यामार्फत नाही. सरळ.

"आबा, हे तुमच्या घरात काय चाललंय? उद्या चांदीचा घोडेस्वार मिळतोय, आणि तुम्ही हे काशाचं ढेकूळ... हे भट्टीत घाला परत. मी सोनाराला सांगून रातोरात दुसरी तबकडी करवून घेतो, साहेबाला काय कळतंय."

आबांनी मूर्ती ताटातून उचलली. म्हाताऱ्याला जवळचं नीट दिसत नव्हतं, त्यामुळं त्यांनी ती अंगठ्यानं चाचपली. आधी जनावर, मग पखाली, मग माणूस. बारक्या मिशांवर अंगठा थांबला. मग माणसाच्या मुठीपाशी आला, आणि मुठीतून निघून खेचराच्या तोंडाकडं गेलेल्या जाड रेघेवर पुन्हा पुन्हा फिरू लागला.

"ह्ये काय?" त्यांनी विचारलं. कुणाला विचारलं ते न सांगता.

"कासरा," वहिनी म्हणाली. सून घरात आल्यापासून सासऱ्याशी बोललेला तिचा हा पहिला शब्द.

आबांनी मान हलवली. मग वाकून मूर्ती देव्हाऱ्यात ठेवली, बाकीच्या टाकांच्या मधोमध, आणि तिच्यावर तांदूळ टाकले.

"रावसाहेब," ते म्हणाले, "द्येव बसला. आता लगीन पार पडस्तोवर हलवाया येत न्हाय. आमच्यात रीत न्हाय."

"आत्ता बसवलात तुम्ही. माझ्या डोळ्यांदेखत."

"व्हय," आबा म्हणाले. "तुमी बगितलंच की."

रावसाहेब टांग्यात बसले. त्यांना घेरी आली असावी, कारण टांगेवाल्याला हळू हाकायला सांगताना ऐकू आलं.

पोरीनं देव्हाऱ्यापुढं बसून कुंकवाचं बोट उचललं आणि आईकडं बघितलं, कुणाला लावू म्हणून. वहिनीनं बापाला लावून घेतलं. मग खेचराकडं बोट करून म्हणाली, "तिला बी लाव. तिच्यामुळं गावला त्यो."

दुसऱ्या दिवशी सभा झाली. म्युनिसिपालटीच्या सगळ्या कारकुनांना हजर राहून टाळ्या वाजवायचा हुकूम होता, म्हणून मी होतो. गादी मांडलेली होती, तिच्यावर काही नव्हतं. रावसाहेबांनी पांढऱ्या घोड्याची हकिगत सांगितली. साहेबानं जांभई दिली. चांदीच्या घोडेस्वाराचं पुढं काय झालं कुणास ठाऊक. रावसाहेबांच्या घरात अवेळी गेलेलं कुणी नव्हतं, तेव्हा तो पेटीतच असणार, पांढऱ्या टोपीशेजारी.

आमच्या देव्हाऱ्यात आता प्रत्येक लग्नाला नवरीनं खेचराच्या पाया पडायचं असतं. नव्या सुना विचारतात, हा कुठला देव. मग मला कोपऱ्यातून बोलावतात आणि मी सांगतो. भावकीतले काही अजून म्हणतात, घोडा असता तर शोभलं असतं. ओताऱ्यानं एक कान जरा लांब केलाय, त्यामुळं ते गाढवासारखं दिसतं, हे मात्र मला कबूल आहे. वहिनी पाण्याचा तांब्या भरून त्याच्यापुढं ठेवते, रोज, गिरणीला जाण्याआधी.